सभा भरली, रांग का भरली नाही?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्या सभांना मैदान पुरत नाही. त्याच गावांत मतदानाच्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात आपली माणसे मोजकीच दिसतात. शहाणे लोक म्हणतात, शेतकरी जातीवर मत देतो, पाकिटावर मत देतो. तसे देणारे आहेतच. पण २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत आम्ही दिवसभर केंद्रांवर होतो, तेव्हा दिसले ते वेगळेच. आपले पुष्कळ मत यंत्रापर्यंत पोचतच नाही. ते वाटेतच गळते.

पहिली गळती हंगामाची. बीड लोकसभेचे मतदान १३ मे २०२४ ला झाले. गाळप संपले होते, ऊसतोड कुटुंबे गावी परतली होती. ऊन मी म्हणत होते, तरी तांड्यावरच्या बाया डोक्यावर पदर घेऊन रांगेत होत्या. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला आले. तेव्हा कापूस वेचणीला आलेला आणि मुकादमाची उचल घेतलेले कोयते फडाकडे निघालेले. कामावरच्या माणसाला मतदानासाठी पगारी सुट्टी द्यावी, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५ ब सांगते. पण परजिल्ह्यात कोप घालून राहिलेल्या नवरा-बायकोने एका दिवसात गावी जाऊन परत कसे यायचे? सीमेवरच्या जवानाला टपालाने मत देता येते, उसाच्या फडातल्या मजुराला नाही. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली सौदे होत होते. कोयता घेऊन जाणारा पुष्कळदा हाच कोरडवाहू सोयाबीनवाला असतो. ज्याचा माल मातीमोल गेला, त्याचेच मत फडात अडकले. फडातल्या मजुरालाही मताची सोय झाली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

दुसरी गळती यादीची. एक म्हातारी दीड तास रांगेत उभी राहिली. खोलीत गेल्यावर कळले, नाव नाही. “मागच्या टायमाला व्हतं की रं बाबा,” एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी तिच्यासाठी कोणालाच काही करता येत नव्हते. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नाव घालता येत नाही. कपाशीचे नांगे उगवणीनंतर आठ-दहा दिवसांत भरावे लागतात, बोंड फुटल्यावर बी टोचून उपयोग नसतो. यादीचेही तसेच आहे. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या १ तारखेला अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्याला नमुना ६ भरता येतो. ग्रामपंचायतीची प्रभागवार यादी विधानसभेच्या यादीवरूनच पाडतात. त्या वेळी चुकलेला प्रभाग दुरुस्त होतो, नवे नाव पडत नाही.

तिसरी गळती केंद्राच्या आत. एका तरुणाला सांगण्यात आले, “तुझे मत झाले आहे.” बोट तर कोरे. तो मान खाली घालून परत निघाला होता. आपल्या प्रतिनिधीने त्याला थांबवले आणि केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागितले. ओळख पटवून त्याला कागदी मतपत्रिका मिळाली. हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. पण वाद कोर्टात गेला, तर दुसऱ्याने त्याच्या नावावर मत दिल्याचा तो पुरावा असतो. प्रतिनिधी नसता, तर पोरगा तसाच घरी गेला असता.

म्हणून केंद्रावर आपला माणूस हवा. उमेदवाराच्या सहीचा नमुना १० घेऊन पहाटेच जावे. मतदानाआधी चाचणी मतदान होते, ते डोळ्यांनी पाहावे. मत दिल्यावर चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, ती वाचल्याशिवाय हलू नये, हे आधीच घरोघर सांगावे. वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. वेचणीहून उशिरा आलेल्या बायांना कोणी परत पाठवू नये, याकडे लक्ष ठेवावे. आणि शेवटी नमुना १७ सी ची सहीची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. किती मते पडली त्याचा हिशेब त्यात असतो, मोजणीच्या दिवशी आकडा त्याच्याशी ताडता येतो. आडतीवर माल घातला तर आपण काटापट्टी घेतल्याशिवाय उठतो काय?

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने तीन गोष्टी आणाव्यात. पारावर मोठ्याने वाचलेली मतदारयादी, सुटलेल्या नावांचे भरलेले अर्ज, आणि केंद्रावर बसणाऱ्या दोघांची नावे. त्यातली एक बाई असावी.

भावाची मागणी आपण रस्त्यावर करतो. ती मोजली जाते शाळेच्या त्या खोलीत.