'कधीतरी भेटू' आणि 'रविवारी दहा वाजता'
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपला व्हॉट्सॲप ग्रुप सहा वर्षांपूर्वीचा. त्यावर 'एकदा सगळे भेटू या' हे वाक्य कितीदा आलं आणि त्याखाली किती अंगठे उमटले, त्याची गणती नाही. भेट मात्र झाली नाही. मग आपल्यातल्या एकीनं लिहिलं, "दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी दहा, शाळेचा हॉल. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा." तीन दिवसांत एकेचाळीस नावं आली. माणसं तीच, ओढही तीच. फरक फक्त वाक्याचा होता.

आज मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे, कारण ते आपल्या मुलांना येत नाही.

आपल्याला ते मुद्दाम शिकावं लागलं नाही. खालून हाक मारायची, "काकू, तिला खेळायला पाठवता का?" "जेवतेय" असं उत्तर आलं तर पायरीवर बसून राहायचं. विचारायचा आणि नकार पचवायचा सराव रोज व्हायचा. आज मुलांच्या क्लासच्या वेळा वेगळ्या, घरं लांब, फाटकावर वॉचमन. हाक मारायची सोयच उरली नाही.

माझ्या कंपनीत दरवर्षी बावीस-तेवीस वर्षांची मुलं रुजू होतात. त्यांतल्या एकीला मी सहज विचारलं, "सुट्टीत काय करतेस?" ती म्हणाली, "झोपते, मॅडम. सगळ्यांचे आपापले ग्रुप आहेत. कुणाला कसं विचारू?" पुण्यात येऊन तिला आठ महिने झाले होते. मीटिंगमध्ये ती व्यवस्थित बोलायची, म्हणजे लाजाळू नव्हती. विचारायचं कसं, हेच तिला माहीत नव्हतं.

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीच्या तासांचा हिशेब मांडला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, आणि जवळच्या मैत्रीला २०० तासांहून अधिक. शाळेत एका बाकावर बसून आपल्याला हे तास फुकट मिळाले. शाळा सुटली की ते ठरवून मिळवावे लागतात. ज्याला ठरवता येत नाही, तो एकटा पडतो.

हे शिकवता येतं. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठात डॉ. एलिझाबेथ लॉजेसन यांचा 'पीअर्स' नावाचा कार्यक्रम आहे. तो सुरुवातीला मुख्यतः ऑटिझम असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी होता. त्यात मित्राला बोलावणं, भेट पार पाडणं, निरोप घेणं या गोष्टी पायरीपायरीनं शिकवतात. प्रत्यक्ष भेट घडवून आणणं हा गृहपाठ असतो आणि पालकही त्यात सामील असतात.

आपल्याला तर याची पूर्वतयारी आहे. बाई, तुम्ही आमच्याकडून निमंत्रणपत्रं लिहून घेतलीत. स्थळ, दिनांक, वेळ यांतलं एक राहिलं तरी गुण कापलात. 'कधीतरी भेटू'मध्ये हे तिन्ही राहिलेलं असतं!

म्हणून शाळेला माझी एक विनंती आहे. आठवी-नववीच्या वर्गांना महिन्यातला एक तास यासाठी द्यावा. मुलांनी जोडीजोडीनं सराव करावा: कोण, काय, कुठे, कधी, किती वाजेपर्यंत. नकाराचे प्रकारही ओळखायला शिकावं. "शनिवारी नाही जमणार, रविवारी चालेल का?" यात होकार दडलेला असतो. दोनदा विचारूनही नुसतंच "बघू" आलं, तर न रुसता तिसऱ्याला विचारावं. आणि गृहपाठ म्हणून महिन्यात एक भेट ठरवावी, बिनखर्चाची. मैदानावर क्रिकेट, कुणाच्या गच्चीवर कॅरम, काहीही. वर्गात ज्याला कुणीच बोलावत नाही, त्याला बोलावणं हाही त्याच गृहपाठाचा भाग असावा.

पालकांचं काम सोपं आहे. पोहे करायचे, पाणी ठेवायचं आणि खोलीबाहेर थांबायचं.

या तासांना मदतीला यायची माझी तयारी आहे. आपल्या बॅचमधून आणखी चौघं-पाच जण हवेत. "बघू, जमवू" असं कृपया म्हणू नका. येत्या शनिवारी दुपारी चार वाजता, शिक्षक-खोलीत. येणार असाल तर आज जेवणाआधी मला नाव सांगा.