मोटारीचा ताप आणि त्यावरील उपाय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून मोटारीच्या रेडिएटरविषयी व्याख्यान व्हावे, हे आपणांपैकी काही वडीलधाऱ्यांस विचित्र वाटेल. परंतु आपल्या कुटुंबांतील कित्येक तरुण आज नोकरीनिमित्त अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत राहतात. तेथे जुन्या स्पोर्ट्स मोटारी विकत मिळतात आणि सुटीच्या दिवशी त्या शर्यतीच्या मार्गावर नेऊन चालविण्याची सोयही असते. मोटार तापू लागली की हे तरुण मोठा रेडिएटर, मोठा पंखा, तेल थंड करणारे यंत्र अशी खरेदी सुरू करतात. पैसा जातो आणि ताप मात्र पुष्कळदा तसाच राहतो. असे का होते आणि खरेदीपूर्वी काय पाहावे, एवढेच आज सांगावयाचे आहे. त्यासाठी लागणारे विज्ञान आपल्या स्वयंपाकघराबाहेरचे नाही.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी साधारणतः एक-तृतीयांश मोटार चालविण्याच्या कामी येते. जवळजवळ तितकीच धुराबरोबर बाहेर जाते. उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते व ती मुख्यतः पाण्याने वाहून न्यावी लागते. पंप हे तापलेले पाणी रेडिएटरकडे पाठवितो, तेथे ते आपली उष्णता हवेला देते आणि पुन्हा इंजिनात येते. नित्याच्या प्रवासात इंजिन आपली पूर्ण शक्ती क्वचितच लावते. शर्यतीच्या मार्गावर ती वारंवार लावावी लागते. म्हणून रस्त्यावर निर्दोष वाटणारी व्यवस्था तेथे उघडी पडते. पाणी कमी पडले तर ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट जाते आणि सारे इंजिन खोलण्याची पाळी येते.

आता प्रेशर कुकर डोळ्यांपुढे आणा. आतील दाब वाढला की पाणी १०० अंशांवर उकळत नाही, सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवरूप राहते. रेडिएटरचे झाकण हेच कार्य करते. पुष्कळ मोटारींत ते सुमारे एका वातावरणाइतका अधिक दाब धरून ठेवते. झाकणाचे रबर वाळले किंवा स्प्रिंग सैल झाली, की पाणी लवकर उकळते व बाहेर पडते. साऱ्या व्यवस्थेतील अत्यंत स्वस्त वस्तूंपैकी ही एक असल्यामुळे तपासणीचा आरंभ तिच्यापासून करावा. मात्र तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. वाफ असलेल्या कुकरचे झाकण काढू पाहणाऱ्याची जी गत होते, तीच येथेही होते.

पाण्यात इथिलीन ग्लायकॉल निम्मे मिसळले असता मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, त्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि त्यातील रसायने धातूस गंजू देत नाहीत. यासच कारागीर कूलंट म्हणतात. परंतु उष्णता वाहून नेण्यात साधे पाणीच सरस असल्यामुळे ग्लायकॉल अधिक घातल्याने थंडावा वाढत नाही. नळाच्या पाण्याने आपल्या तांब्याच्या बंबात जसा क्षारांचा थर बसतो, तसाच तो इंजिनातही बसतो. म्हणून पाणी डिस्टिल्डच घ्यावे. दोन प्रकारचे कूलंट एकत्र करू नयेत आणि निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे. बदलल्यावर आत अडकलेली हवा काढण्यास विसरू नये. शिवाय ग्लायकॉल हे चवीस गोड असे विष आहे. मुले व पाळीव जनावरे यांपासून ते दूर ठेवावे.

आपल्याकडील काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला देतात. तो मानू नये. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या प्रसरणाने उघडणारी झडप. बहुधा ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ती पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करते. ती नसली तर इंजिन योग्य उष्णतेस उशिरा पोहोचते, पेट्रोल अधिक लागते आणि झीज वाढते. झडप अडकली असेल तर नवी बसवावी.

यानंतर प्रश्न येतो तो निदानाचा. मोटार गर्दीत, मंद वेगाने जाताना तापत असेल, तर दोष बहुधा पंख्याचा किंवा त्याच्या आवरणाचा असतो. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल, तर पंख्याचा दोष क्वचितच असतो. त्या वेळी रेडिएटर चोंदला आहे काय, हवा त्याच्या बाजूने निसटते आहे काय, हे पाहावे. केवळ दीर्घकाळ पूर्ण शक्ती लावल्यावरच तापत असेल, तरच व्यवस्थेचे सामर्थ्य अपुरे आहे असा संशय घ्यावा.

याचे एक बोधप्रद उदाहरण म्हणजे १९८९ साली आलेली जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची मोटार. हिची दहा लाखावी प्रत २०१६ मध्ये तयार झाली, इतकी ती लोकप्रिय आहे. हिच्या आरंभीच्या इंजिनाचे घराणे त्याच कंपनीच्या ३२३ या मोटारीतले. त्या मोटारीत इंजिन आडवे असे व पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडे. एमएक्स-५ मध्ये तेच इंजिन उभे बसविले, त्यामुळे त्याचे मागील टोक मोटारीच्या भिंतीजवळ गेले. तेव्हा पाण्याची बाहेर पडण्याची वाटही पुढेच आणली गेली. परिणामी मागील सिलिंडरांकडे पाणी कमी फिरते. नित्याच्या वापरात हे बाधत नाही, पण इंजिनाची शक्ती वाढवून शर्यतीत उतरणाऱ्यांस बाधते. जाणकार अशा वेळी पाण्याची वाट पुन्हा मागील टोकास नेतात. केवळ मोठा रेडिएटर लावल्याने सिलिंडरांमधील हा विषमभाव जात नाही. शिक्षकाचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नसेल, तर फळा मोठा करून काय उपयोग?

रेडिएटर खरोखरच बदलावयाचा असेल, तर केवळ जाडी पाहू नये. जाड रेडिएटरच्या मागील भागास पुढे तापलेलीच हवा मिळते आणि ती हवा आरपार ढकलणेही कठीण होते. म्हणून जाडी दुप्पट केल्याने थंडावा दुप्पट होत नाही. त्याआधी रेडिएटरभोवतीच्या फटी बुजवाव्यात व मोटारीखालचा हवा वळविणारा पत्रा किंवा प्लास्टिकचे आवरण जागेवर आहे ना, ते पाहावे. यास खर्च थोडा आणि गुण पुष्कळ. शर्यतीसाठी तेल थंड करणारे यंत्र बसविल्यास त्यालाही थर्मोस्टॅट असावा. तेल सतत थंड राहिले तर त्यात साचलेला पाण्याचा अंश उडून जात नाही.

शेवटी एक सूचना. समोरील तापमानाच्या काट्यावर सर्वस्वी विसंबू नये. पुष्कळ मोटारींत तो मध्यावर स्थिर राहावा अशीच योजना असते. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. पाणी निघून गेले असेल तर काटा खरा तापही दाखवीत नाही. म्हणून इंजिन गार असताना टाकीतील पाण्याची पातळी पाहावी, रबरी नळ्या हाताने दाबून त्या मऊ पडल्या किंवा तडकल्या आहेत काय ते तपासावे, आणि प्लास्टिकच्या टाकीचा रंग बदलून ती ठिसूळ झाली असल्यास फुटण्याची वाट न पाहता बदलावी.

तात्पर्य, आधी निगा, मग निदान आणि सर्वांत शेवटी खरेदी, हा क्रम राखावा. वडिलांनी मुलाच्या हौसेस सरसकट नकार देऊ नये. 'मोटार तापते ती केव्हा तापते?' एवढेच त्यास विचारावे. त्याचे उत्तर मुलास देता आले, तर काय खरेदी करावयाचे हेही त्यास कळेल, आणि पुष्कळदा काहीच खरेदी करावयास नको, हेही कळेल.