घरातील कोळी : भय आणि वास्तव
(आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



पावसाळा लागला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक वाक्य हमखास कानी पडते : ‘डॉक्टर, कोळी मुतला.’ शब्द ग्राम्य आहे, क्षमा असावी. पण रुग्ण आपली व्यथा याच शब्दांत मांडतो.

बहुतेक सर्व कोळ्यांना विष असते, हे खरे. परंतु ते कीटकांना मारण्यापुरते. भिंतीवर सपाट बसणारा, तळहाताएवढा पसरलेला तपकिरी कोळी दिसताच घरात धावपळ उडते. मादी असेल तर तिने पोटाखाली अंड्यांची पांढरी चपटी पिशवी धरलेली असते. ही बिचारी झुरळे खाऊन आपलेच काम करते. हाताखाली दाबली गेली तरच चावते. थोडे सुजते, दुखते आणि ओसरते. पोटावर लाल खूण असलेला काळा कोळी मात्र जपण्यासारखा. तो भारतात आढळतो, परंतु घरात क्वचितच. चाव्यानंतर पेटके आले, दरदरून घाम सुटला किंवा जागा काळी पडू लागली, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

मग ते फोड कशाचे? पुष्कळदा दिव्याकडे येणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या-नारिंगी भुंगेऱ्याचे. तो चावत नाही; मानेवर चिरडला गेला की त्याच्या अंगातील द्रव त्वचा पोळतो आणि एक-दोन दिवसांनी लाल पट्टा उमटतो. तो अंगावर बसल्यास फुंकरीने उडवावा, चिरडल्यास जागा साबणाने धुवावी.

दुसरे कारण अधिक गंभीर : नागीण. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षे दडून राहतो आणि पुन्हा जागा होतो. शरीराच्या एकाच बाजूस आधी आग, ठणका, मग फोडांचे पुंजके. यावरील औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक गुण येतो.

गेल्या पावसाळ्यात एक आजी सहाव्या दिवशी आल्या. कोळ्याचे समजून घरी लेप चालू होता. फोड कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरले होते, डोळा लाल झाला होता. नेत्रतज्ज्ञांच्या उपचारांनी दृष्टी वाचली. परंतु कपाळाला पदराचा स्पर्शही त्यांना आजतागायत सोसत नाही.

नोंदणी खिडकीवरील सहकाऱ्यांना माझी विनंती आहे : कोणी ‘कोळी मुतला’ म्हणाले तर हसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांसमोर आणा. आणि फोड डोळ्याजवळ असतील, तर रांगेतही थांबवू नका.