समुद्राकाठचे घर

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील आमचे वडिलोपार्जित घर ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात उघडे पडले. मंगळुरी कौले उडाली, पडवीवर माड कोसळला. नोकरीपायी चार प्रांतांत विखुरलेले आम्ही बंधू. धाकट्याचे मत पडले, आता पाडून स्लॅबच घालावा. वर्षातून आठ दिवस जाणाऱ्यांनी जुन्याचा हट्ट का धरावा, हा त्याचा प्रश्न रास्त होता. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

ते गावच्या वृद्ध गवंड्याने दिले. जांभ्याच्या भिंतींना पूर्वी कोणीतरी (आम्हीच, खोटे कशाला बोलावे!) सिमेंटचा गिलावा केला होता. चिरा ओल पितो, तशी बाहेरही टाकतो. सिमेंटने तिची वाट अडते आणि खारी ओल आतल्या आत चिरा पोखरते. तो गिलावा खरवडून चुन्याचा केला. फणसाच्या तुळयांची भिंतीतली टोके तेवढी कुजली होती, तीच सांधली. कौले मात्र आता तांब्याच्या तारेने बांधली आहेत. न्हाणीघर घरात आणले, त्याबद्दल काकूंनी आम्हांस आयुष्यात प्रथमच शाबासकी दिली.

ओटीवरचा झोपाळा धाकट्याने स्वतः टांगला. कड्या तेवढ्या नव्या, पितळी.