उंबरठ्याची उंची

किल्लारीचे नाव निघाले की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. गणपती विसर्जन करून झोपलेल्या माणसांवर दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदे कोसळली. गेलेल्यांचा हिशेब आपण मांडतो. वाचलेल्यांपैकी कोणाचा पाय गेला, कोणाचा मणका दुखावला, याचा मात्र विसर पडतो. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसली, किल्लारीही त्यांतच.

भूकंपाने एक गोष्ट शिकवली : दाराच्या वर भिंतीतून चौफेर काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. त्याचा खर्च कशाला, असे इकडचा शहाणा माणूस विचारणार नाही. पण त्याच इमारतीला चार पायऱ्या असल्या, तर कुबडीवाल्याने आत कसे जावे?

तुम्ही म्हणाल, उतार तर केला आहे. पाहा बरे तो कसा आहे! जोते दोन फूट उंच आणि उतार सहा फूट लांब. त्यावरून फटफटी चढेल, चाकाची खुर्ची नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे प्रमाण. म्हणजे इथे चोवीस फूट हवेत. समोर जागा नसेल तर उतार भिंतीकडेने वळवावा आणि वळणावर पाच फूट सपाट जागा ठेवावी. खुर्ची वळते, ढकलणाराही दम खातो. दोन्ही बाजूंना कठडा हवा. गुळगुळीत फरशी नको, पावसात कुबडी सटकते. दार तीन फूट मोकळे असावे. संडासाचे तर बाहेर उघडणारे, कारण आतला माणूस पडला की त्याच्याच अंगाने दार अडते. आणि उताराच्या तोंडाशीच फटफट्या लावणाऱ्यांना काय म्हणावे!

१९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला. २०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींनाही नियम लागू झाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम २०१७ चे. मुदत २०२२ मध्येच सरली.

गुरुजी, बापाच्या खांद्यावर बसून पहिलीत येणारे पोर सहावीत त्याला उचलवत नाही. मग शाळा सुटते, आणि हजेरीपटावर नुसते ‘गैरहजर’ उरते. गुणोत्तराचा धडा शिकवाल तेव्हा मुलांच्या हाती टेप द्या, शाळेचाच उतार मोजू द्या.

मंडळी, नव्या इमारतीचा नकाशा ग्रामसभेत आला, की जोत्याची उंची विचारा, तिला बाराने गुणा आणि तेवढी लांबी नकाशात कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवायला सांगा.