स्वतःच्या विचाराची ओळख



“विचार करून सांग” असे आपण मुलास दिवसातून कितीदा तरी म्हणतो. परंतु आपला विचार कसा चालला आहे हे पाहावयास त्यास शिकवीत नाही. ते शिकविता येते काय, ह्याविषयीचा एक प्रयोग आपणांपुढे मांडावयाचा आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात जो कामिया ह्या मानसशास्त्रज्ञाने एका तरुणास अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसविले. डोक्यास लावलेल्या तारांवाटे त्याच्या मेंदूतील विद्युत्तरंग कागदावर उमटत होते. मधूनमधून घंटा वाजे. सेकंदास ८ ते १३ वेळा उठणारे अल्फा तरंग त्या क्षणी आहेत की नाहीत, हे त्याने अंदाजाने सांगावयाचे व उत्तर बरोबर की चूक एवढेच त्यास कळवावयाचे. पहिल्या दिवशी निम्मीच उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तितकी आली असती. चौथ्या दिवशी बहुतेक सर्व बरोबर आली. “बरोबर” आणि “चूक” ह्या दोन शब्दांच्या आधारे तो स्वतःची आतील अवस्था ओळखू लागला होता. वर्गात हेच दोन शब्द आपण किती घाईने उच्चारतो!

पुढे अल्फा तरंगांचा फार गाजावाजा झाला, यंत्रे विकली गेली. १९७० च्या दशकातील चाचण्यांत मात्र असे दिसले की, लाभलेल्या शांतीचा बराच भाग अपेक्षेतून आलेला होता. तळहाताच्या घामावरून चालणारे यंत्रही मन खळबळले एवढेच दाखविते. भीतीने की आनंदाने, हे ज्याचे त्यानेच आत पाहून सांगावयाचे असते.

अशी यंत्रे मागवा, असे माझे म्हणणे नाही. मनगटावरची नाडी सर्वांपाशी आहे. इयत्ता ४ थीच्या मुलांस ती अर्धा मिनिट मोजावयास लावावी, तोंडी हिशेब घालावा, पुन्हा मोजवावी. मैदानावरून धावत आलेल्यास आधी स्वस्थ बसू द्यावे, नाहीतर नाडी खेळाचीच हकीकत सांगेल. आकडा वाढला तर त्याचे कारण मुलाने शोधावे: हिशेब अवघड वाटला, की फळ्यापाशी बोलावतील ही धास्ती? ज्यांस आपण “ढ” म्हणून मागे बसवितो, त्यांतील काहींची अडचण गणिताची नसून धास्तीची असते. परंतु ती त्यांस स्वतःसच उमगलेली नसते, मग गुरुजींस कोठून सांगणार? आकडे मात्र वर्गात वाचून दाखवू नयेत, नोंदवहीतही उतरवू नयेत. ते मुलाच्या पाटीवर राहावेत आणि त्यानेच पुसावेत.