बाकावरचे दोघे



मुलाखतीला निघताना प्रमाणपत्रांची फाईल बगलेत असते, शर्टाला इस्त्री असते, आईने हातावर दही-साखर ठेवलेली असते. विषयातले प्रश्न घोटून झालेले असतात. आणि मग टेबलापलीकडून कुणीतरी विचारतं, "दोन सहकाऱ्यांचं एखाद्या तांत्रिक मुद्द्यावर पटत नव्हतं आणि तुम्ही मध्ये पडलात, असा प्रसंग सांगा."

मी बरीच वर्षं टेबलाच्या विचारणाऱ्या बाजूला बसलो. या प्रश्नाला बहुतेकांकडे दोनच उत्तरं असतात. एक, "सर, आमच्याकडे असे वाद होतच नाहीत." दुसरं, "मी दोघांना चहाला नेलं, समजावलं, मिटलं." पहिलं खरं वाटत नाही. काम कळणारी आणि कामाची चाड असणारी दोन माणसं एकत्र आली की कधी ना कधी वाजणारच. दुसऱ्या उत्तरात चहाखेरीज हाताला काही लागत नाही. वाद कशावर होता? मिटला म्हणजे नक्की काय ठरलं?

एका मुलीचं उत्तर मात्र माझ्या अजून लक्षात आहे. डिप्लोमा करून पुण्याजवळच्या एका कारखान्यात तीन वर्षं काम केलेली. प्रसंग एप्रिलातला. पोलादी जॉबमध्ये २५ मिलिमीटरचं बोअर, टॉलरन्स एच-सेव्हन. म्हणजे भोकाचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवा. मशीनवरचे काका मोजायचे तेव्हा २५.००३ यायचं, जॉब पास. तोच जॉब स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे एसीतल्या तपासणीच्या खोलीत, गेला की इन्स्पेक्टर सांगायचा, २४.९९८, रिजेक्ट. फरक पाच मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा हिस्सा. त्यावरून आठवडाभर धुसफुस चाललेली. काकांचं म्हणणं, एसीत बसणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. इन्स्पेक्टरचं म्हणणं, यांना गेज धरता येत नाही.

तिने आधी कसोटी दोघांना मान्य करून घेतली, मग दहा जॉबवर मार्करने नंबर टाकले. दोघांना एकच बोअर गेज दिला, स्टँडर्ड रूममधल्या मास्टर रिंगवर सेट केलेला. मशीनवरून उतरल्या उतरल्या दोघांनी मोजलं. आकडे जुळले. मग जॉब रात्रभर स्टँडर्ड रूममध्ये ठेवले आणि सकाळी दोघांनी पुन्हा मोजलं. आकडे पुन्हा जुळले, पण सगळे पाचेक मायक्रॉनने उतरलेले!

कारण साधं होतं. माप २० अंश सेल्सिअसला धरायचं, असा जगभरचा दंडक आहे. स्टँडर्ड रूम त्याच तापमानाला ठेवलेली, शॉपमध्ये मात्र जॉब ३८ अंशांवर होता. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, आणि तापल्यावर भोकही मोठंच होतं. १८ अंश आणि २५ मिलिमीटर, गुणाकार करा, पाच मायक्रॉन निघतात. दोघांच्या मध्ये उन्हाळा शिरला होता.

आम्ही मुद्दाम विचारलं, "म्हणजे बरोबर कोण?"

ती म्हणाली, "सर, नियमाने इन्स्पेक्टर. पण काकांचा हात चुकत नव्हता, हे इन्स्पेक्टरच्या डोळ्यांसमोर दिसायला हवं होतं. ते दिसलं, तेव्हा मशीनचा ऑफसेट सात मायक्रॉनने वाढवू या, हे काकांनीच सुचवलं. मी फक्त प्रॉडक्शन मॅनेजरांची सही घेतली."

मित्रांनो, या उत्तरात काय काय आलं पाहा. दोघांची बाजू अशी मांडली की दोघेही म्हणतील, हो, मी हेच म्हणत होतो. आकडा हाती येण्याआधी कसोटी ठरली, आणि ती दोघांना मान्य होती. निर्णयाचा अधिकार कोणाचा, हे ती विसरली नाही. आणि पुढे काय बदललं, तेही सांगितलं.

सगळेच वाद गेजने मोजता येत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये कोणता डेटाबेस घ्यायचा, जुना कोड दुरुस्त करायचा की नव्याने लिहायचा, इथे आधी हे ठरवावं लागतं की आपल्याला जास्त महत्त्वाचं काय: वेग, खर्च, की रात्री दोनला बिघाड झाला तर तो निस्तरणाऱ्याची सोय? तरीही सुटलं नाही, तर वरिष्ठांकडे नेण्यात कमीपणा नाही. घोंगडं भिजत ठेवण्यात आहे.

आणि वादातला एक पक्ष तुम्हीच असाल, तर "माझं मत बदललं" असं सांगायला कचरू नका. माणूस चंद्रावर न्यायचा कसा, यावर नासामध्ये मोठा वाद होता. रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांच्या हंट्सव्हिल केंद्राचा कल यान पृथ्वीच्या कक्षेत जोडण्याकडे होता. जॉन हूबोल्ट हे अभियंते चंद्राच्या कक्षेतून छोटं यान खाली उतरवा म्हणत होते. दीर्घ अभ्यासानंतर, ७ जून १९६२ रोजी, फॉन ब्राउन यांनी आपल्याच माणसांसमोर हूबोल्ट यांच्या मार्गाची बाजू घेतली. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तो त्याच मार्गाने. मत बदलल्यामुळे फॉन ब्राउन लहान झाले नाहीत.

तेव्हा घरी उत्तराची तयारी करताना एक गोष्ट करा. ज्या दोघांचा वाद तुम्ही सांगणार, ते मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेत, असं समजा. आतलं सगळं त्यांना ऐकू जातंय. तुमचं बोलणं ऐकून, ज्याचं म्हणणं मागे पडलं तोसुद्धा मान डोलावेल का? की उठून आत येईल?

त्या मुलीच्या वेळी दार सताड उघडं असतं, तरी चाललं असतं.